मॉरिशस कुणाच्या जिवावर जगतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मॉरिशसवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सडकून लिहिलंत. थोडक्यात म्हणणं असं, की गणपतीची सुट्टी आणि चार मराठी आडनावं दिसली की आम्ही विरघळतो. प्रत्यक्षात हे बेट करबुडव्यांचा अड्डा आहे, आधी युरोपने आणि आता भारताने पोसलेलं. तुमची हयात बँकेत गेली असंही तुम्ही लिहिलंत, तेव्हा हिशोबापासूनच सुरुवात करू.

1968 साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशाची निर्यात म्हणजे जवळजवळ फक्त साखर. त्याच्या सात वर्षं आधी ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड (यांना पुढे नोबेल मिळालं) एकाच पिकावरचा भार आणि भराभर वाढणारी लोकसंख्या पाहून काळजीचा सूर लावून गेले होते. 1975 च्या लोमे करारात (युरोप आणि आफ्रिका-कॅरिबियन-पॅसिफिक देशांमधला व्यापार करार) युरोपने दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर ठरलेल्या, बहुतेक वेळा बाजारापेक्षा चढ्या भावाने घ्यायचं कबूल केलं. याला पोसणं म्हणायचं तर म्हणा. पण निर्यातीसाठीच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा त्यांनी 1970 मध्येच केला होता. आपल्या साखरपट्ट्यात साखरेच्या पैशातून शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. मॉरिशसमध्ये स्वेटर-टीशर्टचे कारखाने आणि समुद्रकाठची हॉटेलं. या कारखान्यांत गेल्या त्या मुख्यतः बायका, बऱ्याचशा पहिल्यांदाच पगारावर.

मग 2005 मध्ये कपड्यांच्या जागतिक व्यापारातले कोटे (कुठल्या देशाने किती माल पाठवायचा याच्या मर्यादा) संपले, आणि 2006 ते 2009 या काळात युरोपने साखरेचा भाव 36 टक्क्यांनी उतरवला. पोसलेला देश तिथेच बसला असता. यांनी साखर कारखाने बंद करत मोजके ठेवले, चिपाडापासून वीज केली, आणि वित्तसेवांवर जोर दिला.

आता तुमचा मुख्य आरोप, कर. तो खोटा नाहीच. भारताशी झालेल्या करारानुसार, मॉरिशसमधल्या कंपनीने भारतातले शेअर विकून मिळवलेल्या भांडवली नफ्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशस तो लावतच नव्हतं. म्हणजे दोन्हीकडे शून्य. पण 1982 च्या त्या करारावर सही दोघांची होती ना? 2000 साली आपल्याच प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं, की मॉरिशसचा रहिवासी दाखला असला की करारातल्या सवलतीला तेवढं पुरे. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. परकी भांडवल हवं होतं, दार आपणच उघडं ठेवलं. 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरवर भारत कर घेऊ लागला. अड्डा म्हणायचं तर मालक दोन धरा.

भारताचा पैसा तिथे दिसतो हे खरं: मेट्रो, सर्वोच्च न्यायालयाची इमारत. पण ही खैरात नाही. आगालेगा हे त्यांचं बेट मुख्य बेटाच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवर, वस्ती जेमतेम तीनशेची. तिथे भारताने 3 किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला, फेब्रुवारी 2024 मध्ये उद्घाटन झालं. तीनशे माणसांना एवढी धावपट्टी लागत नाही. हिंदी महासागरावर नजर ठेवायला लागते. चीनलाही त्यांनी दाराबाहेर ठेवलेलं नाही: चीनशी मुक्त व्यापार करार जानेवारी 2021 पासून लागू, भारताशी त्याच वर्षी एप्रिलपासून. याला मी घासाघीस म्हणतो, आणि ती त्यांना छान जमते.

तुम्ही मला खरं पकडलंत ते दुसरीकडे. आगालेगाच्या लोकांना आपल्यालाही बेटावरून हलवतील अशी धास्ती का वाटते, हे मी लिहिलंच नव्हतं. ब्रिटनने 1965 मध्ये हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, आणि त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून तिथल्या लोकांना 1973 पर्यंत हुसकावून लावलं. मे 2025 मध्ये सही झालेल्या करारात बेटं परत देण्याचं ठरलं, तळ मात्र 99 वर्षं तिथेच ठेवून. ज्यांची घरं गेली त्यांच्यातले कित्येक म्हणतात, आम्हाला विचारलं कुणी? हा प्रश्न नसलेला लेख अपुराच होता.

आणि मराठीबद्दल. शाळेत शिकवतात, मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेतही शिकवतात, पण बहुतेक घरांत बोलणं क्रिओलमध्येच (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) चालतं. 'तिथले मराठी आपली भाषा बोलतात' हे माझं वाक्य उत्साहाच्या भरातलं. भाषेपेक्षा ताटात जास्त उरलंय असं मला वाटतं. राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी बघा: वाटलेल्या डाळीचं सारण भरून पातळ लाटलेली, गूळ वगळलेली पुरणपोळीच म्हणा ना. दोन-दोनच्या जोडीने देतात, आत घेवड्याचा रस्सा, टोमॅटोची चटणी, वर मिरचीचा ठेचा, आणि कागदात गुंडाळून हातात. मात्र ती बिहारकडून आली, आपल्याकडून नव्हे, हे लिहून टाकतो. नाहीतर तुमची पुढची प्रतिक्रिया त्यावर येईल.

चागोसचा परिच्छेद मूळ लेखात आज घातला आहे. ते भाषेचं वाक्य पुसलेलं नाही, त्यावर रेघ मारून तसंच ठेवलंय.