‘सीए ट्रस्टेड आहे, मग झालं!’ नाही झालं

नेटवर्कवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: “फायरवॉलवर सीए सर्टिफिकेट इम्पोर्ट करा, व्हीपीएनला सर्टिफिकेट लॉगिन लावा, पासवर्ड-ओटीपी काढून टाका. सर्टिफिकेटची नक्कल होत नाही, आणि एकदा लावलं की परत बघायला नको.” (सर्टिफिकेट म्हणजे डिजिटल ओळखपत्र; सीए म्हणजे ते देणारी सर्टिफिकेट अथॉरिटी; फायरवॉल म्हणजे नेटवर्कचा दारवान; व्हीपीएन म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित रस्ता.) नुसत्या पासवर्डपेक्षा सर्टिफिकेट बरं, हे मलाही मान्य. बाकीच्या सल्ल्याशी मात्र माझं भांडण आहे.

‘सीए इम्पोर्ट केला की काम झालं.’ सीएची सही एवढंच सांगते, की हे सर्टिफिकेट त्याने दिलंय. आत कोणाला घ्यायचं ते तुम्ही सांगायचं असतं. फोर्टिगेट नावाच्या फायरवॉलवर पीअर यूझर (सर्टिफिकेटवरून ओळखला जाणारा यूझर) बनवताना सीए निवडला आणि सब्जेक्ट, सीएन (सर्टिफिकेटवरच्या नावाचे रकाने) रिकामे सोडले, तर त्या सीएने सही केलेलं कुठलंही चालू सर्टिफिकेट त्या यूझरला जुळतं. सीए कंपनीचा स्वतःचा असेल तर निदान घरचीच माणसं. सार्वजनिक सीए टाकलात, तर त्याचा कोणताही ग्राहक तुमचा यूझर व्हायला मोकळा. शिवाय ‘ट्रस्टेड’ म्हणजे न चुकणारा नव्हे. आपल्याच एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सीएकडून गुगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं जुलै 2014 मध्ये उघड झालं. भारताचा रूट (सगळ्यात वरचा सीए) मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू सीएंच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरचे बरेच प्रोग्रॅम ती खरी मानत होते. फायरफॉक्सची यादी वेगळी, म्हणून तो वाचला.

‘नक्कल होत नाही.’ सर्टिफिकेट उघडंच असतं, जपायची असते ती प्रायव्हेट की, म्हणजे त्याच्या जोडीची गुप्त किल्ली. आणि ती पीएफएक्स फाइलमध्ये भरून मेलने जाते, खाली त्याच मेलमध्ये फाइलचा पासवर्ड! ही की लॅपटॉपमधल्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये किंवा यूएसबी टोकनमध्येच तयार झाली, तर गोष्ट वेगळी. (टेंडर भरायचं डीएससी (डिजिटल सही) टोकन मात्र अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असतं, पिनची चिठ्ठी चिकटवून. हा दुसऱ्या अर्थाचा ‘सीए’.)

‘परत बघायला नको.’ मी एका ठिकाणी होतो, तिथला एक इंजिनिअर सोडून गेला. त्याच दिवशी एडी (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीच्या यूझरांची नोंदवही) खातं बंद केलं, सर्टिफिकेट रद्द केलं. तीन आठवड्यांनी लॉग चाळताना त्याच्या लॅपटॉपचं सेशन दिसलं, आदल्या रात्रीचं. फायरवॉलवरची सीआरएल म्हणजे रद्द सर्टिफिकेटांची यादी बसवण्याच्या दिवशी कोणीतरी हाताने टाकली होती, ती तशीच. आपोआप अपडेट होण्यासाठी यूआरएल दिलीच नव्हती. पासवर्ड काढून टाकल्यामुळे लॉगिनच्या वेळी एडीला कोणी विचारतही नव्हतं. ओटीपी काढण्याबद्दल वेगळं काय सांगू?

पटत नसेल तर त्याच सीएकडून भलत्याच नावाचं एक सर्टिफिकेट काढा आणि कनेक्ट करून बघा. टनेल (व्हीपीएनची जोडणी) उभा राहिला, तर आधी सब्जेक्टचा रकाना भरा. मग चाचणीपुरतं त्या रकान्यात याच सर्टिफिकेटचं नाव घाला, सर्टिफिकेट रद्द करा आणि पुन्हा कनेक्ट करा. तरीही टनेल उभा राहिला, तर सीआरएल शिळी आहे.