नाकासमोरचा वारा

पाटबंधारे खात्यातील ३३ वर्षांच्या नोकरीनंतर मी निवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभात बोलणाऱ्या प्रत्येकाने माझे वर्णन ‘नाकासमोर चालणारा माणूस’ असे केले आणि शालीबरोबर ते शब्दही मी आनंदाने अंगावर घेतले. हा गुण नसून एक प्रकारची अपात्रता आहे, हे मला फार उशिरा, आणि तेही आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे, तिरक्या झालेल्या एका शीडनौकेत कळले.

माझा भाचा नोकरीनिमित्त उत्तर नॉर्वेतील बोडो या गावी राहतो. तिथल्या एका सहकाऱ्याबरोबर भागीदारीत त्याने ३४ फुटांची एक जुनी शीडनौका घेतली आहे. पैसा जमिनीत गुंतवावा, असे मी त्याला लहानपणापासून सांगत आलो होतो; त्याने तो नेमका जिथे जमीन संपते तिथे गुंतवला. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. “मामा, जूनच्या शेवटी तुम्ही आणि मामी या. आपण शिडावर लोफोटेन बेटांना जाऊ. थोडी थंडी असते, पण तुम्ही नाशिकचे, तुम्हाला काय त्याचं!”

नाशिककराला थंडीवरून डिवचले की त्याचे तारतम्य सुटते. दरवर्षी निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची बातमी आली, की जणू तो आम्हीच खाली ओढून धरला आहे अशा थाटात आम्ही ती मुंबईच्या नातेवाइकांना पाठवतो. पाण्याचे म्हणाल, तर पाण्याने कधी निघावे, किती निघावे आणि कुठे थांबावे हे ठरवण्यात माझी सगळी हयात गेली होती. नौकानयनाचाही अनुभव नव्हता असे नाही. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर नारिंगी जॅकेट घालून मी अर्ध्या तासाची एक फेरी केलेली होती. थंडी घरची आणि पाणीही घरचे, अशा भरवशावर आम्ही दोघे बोडोला जाऊन पोहोचलो.

पाण्याविषयीचा माझा अहंकार पहिल्याच दिवशी उतरला. भाच्याने आम्हाला गाडीने जवळच्या साल्टस्ट्राउमेन या सामुद्रधुनीवर नेले. सुमारे तीन किलोमीटर लांब आणि जेमतेम १५० मीटर रुंद अशा या चिंचोळ्या वाटेने, भरती-ओहोटीच्या दर सहा तासांत सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी आतबाहेर करते. आकडा ऐकताच माझ्यातला अभियंता जागा झाला आणि मी पुलावरच तोंडी हिशेब मांडला. गंगापूर धरण काठोकाठ भरले तर त्यात ५ हजार ६३० दशलक्ष घनफूट पाणी मावते. म्हणजे इथून सहा तासांत अडीच गंगापूर धरणे वाहून जात होती, आणि खाली भोवरे असे फिरत होते की वरून पाहणाऱ्यालाही कठडा घट्ट धरावासा वाटे. पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या वाक्याने. भाचा म्हणाला, “आता सहा तासांनी हेच पाणी उलटं येईल.” ज्या माणसाने नाशिकच्या धरणांतून जायकवाडीकडे सोडलेले पाणी दरवेळी डोळे भरून पाहिले आहे, आणि गेलेले पाणी परत येत नाही हे मान्य करायला ज्याला पुरी नोकरी लागली आहे, त्याने हे वाक्य पुलावर उभे राहून ऐकू नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघायचे ठरले. ‘पहाटे’ हा शब्द मी सवयीने वापरतो आहे. तिथे जूनच्या अखेरीस सूर्य मावळतच नाही. तो मध्यरात्री क्षितिजाशी रेंगाळतो आणि पुन्हा वर चढतो. त्या उन्हाला प्रकाश भरपूर असतो, मात्र शेक नसतो. आपल्याकडे कितीही कडाका पडला तरी आठ वाजता ओट्यावर उन्हाला बसता येते. इथे ऊन चोवीस तास होते आणि बसायला ओटा नव्हता.

निघण्यापूर्वी कपड्यांचा विधी झाला. आधी अंगाला चिकटणारी पातळ लोकर, तिच्यावर जाड लोकर, तिच्यावर खांद्यापर्यंत येणारी पट्ट्यांची जलरोधक विजार, तिच्यावर तसाच अंगरखा, त्यावर लाइफ जॅकेट, आणि लाइफ जॅकेटला अडकवलेला दोर, ज्याचे दुसरे टोक बोटीला बांधायचे. गोठ्यातली गाय आणि मी यांत फरक एवढाच उरला होता, की गाय बसू शकते. मग भाच्याने सुरक्षेचे नियम सांगितले. समुद्राचे पाणी दहा अंशांच्या आसपास होते. अशा पाण्यात माणूस पडला तर पहिला एक मिनिट श्वासावर ताबा मिळवण्यात जातो, पुढची दहा मिनिटे हातपाय ऐकतात आणि साधारण तासाभराने शुद्ध हरपते. “एक, दहा, एक. लक्षात ठेवा मामा.” मी ते लक्षात ठेवले आणि डोलकाठीला मिठी मारून बसलो.

या कपड्यांचा खरा जाच समुद्रात कळला. ते सगळे उतरवायला मला, घड्याळ लावून पाहिले, तर अकरा मिनिटे लागत. आणि माझ्या वयाच्या माणसाला निसर्ग अकरा मिनिटांची पूर्वसूचना देत नाही. बोटीतले शौचालय आमच्या देवघरापेक्षा लहान होते. त्यात हातपंप होता. आधी खटका एका बाजूला करून समुद्राचे पाणी आत घ्यायचे, मग वीस वेळा पंप मारायचा, मग खटका दुसरीकडे करून पुन्हा पंप मारायचा, आणि शेवटी तळाची झडप न विसरता बंद करायची, कारण ती उघडी राहिली तर समुद्र आत येतो. मी आयुष्यात अनेक दरवाजे उघडले आणि बंद केले, त्यांवर गावे अवलंबून होती. पण इतक्या दडपणाखाली एकही झडप बंद केली नव्हती. शिवाय हे सारे एका हाताने करायचे. बोटीवरचा नियमच असा, की एक हात कामाला आणि एक हात बोटीला धरलेला. ज्याने हा नियम केला त्याची विजार पट्ट्यांची नसावी.

बोडोपासून लोफोटेनच्या रेने या गावापर्यंत मधे वेस्टफ्योर्ड नावाचा उघडा समुद्र आहे. सरळ अंतर पन्नासएक सागरी मैल, म्हणजे ९० किलोमीटरच्या आत-बाहेर. नाशिकहून मालेगावला जाण्याहून कमीच. आमची बोट ताशी पाच मैल जाते. दहा तासांत पोहोचू, असा माझा हिशेब होता. परंतु वारा वायव्येकडून, म्हणजे बरोबर रेनेकडून येत होता, आणि इथे माझ्या निरोपसमारंभातील सर्व भाषणे फोल ठरली. शिडाची बोट वाऱ्याच्या नाकासमोर जाऊच शकत नाही. तसा प्रयत्न केला तर शीड नुसते फडफडते आणि बोट जागीच उभी राहते. वाऱ्याला साधारण ४५ अंशांनी तिरके धरून आधी उजवीकडे जायचे, मग वळून डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, अशी ती नागमोडी पुढे सरकते. म्हणजे कर्ण सोडून काटकोनाच्या दोन बाजू चालायच्या. पन्नास मैलांचे सत्तर होतात आणि दहा तासांचे चौदा. मी भाच्याला हे गणित पायथागोरसासह समजावून सांगितले. तो म्हणाला, “हो मामा, पण ते वाऱ्याला समजवायला हवं.”

या काळात बोडोहून मोस्केनेसला जाणारी गाड्यांची फेरीबोट आमच्या शेजारून गेली. रेनेच्या अगदी जवळचा धक्का तिचा. ती ते अंतर साडेतीन तासांच्या सुमारास कापते. खिडकीतून आत बसलेली, सपाट टेबलावर काहीतरी खाणारी माणसे स्पष्ट दिसत होती. ही काही बोलली नाही. पुष्कळ वेळाने तीच फेरीबोट परतीच्या वाटेवर पुन्हा दिसली. तेव्हा ही म्हणाली, “अहो, ती जाऊन आली.”

बोट तिरकी होणे हा काही अपघात नव्हे. शिडाला वाऱ्याचा दाब आणि तळाशी वजनदार कणा, यांच्या ओढाताणीत ती कलूनच धावते. वारा वाढला तसे भाच्याने शीड आखडून लहान केले, कारण अंथरूण पाहून पाय पसरावेत तसेच वारा पाहून शीड पसरावे लागते. तरीही जमीन पंचवीस अंश कललेलीच राहिली. त्या दिवशी संकष्टी होती. हिचा उपवास, म्हणून पोटात काही नाही आणि त्यामुळेच तिला बोट अजिबात लागली नाही. मी मात्र निघताना दुप्पट पोहे खाल्ले होते आणि ते पोहे वेस्टफ्योर्डच्या मध्यावर माझी साथ सोडून गेले. त्यानंतर हिला चहाची आठवण झाली. चहा उपवासाला चालतो. “कोणीतरी आलं घालून कपभर चहा दिला तर बरं होईल,” असे ती क्षितिजाकडे पाहत म्हणाली. सुकाणू भाच्याच्या हाती होते, तेव्हा ‘कोणीतरी’ या सर्वनामाचा अर्थ शोधायला व्याकरण लागत नव्हते.

मी केबिनमध्ये उतरलो. लाइफ जॅकेट काढून ठेवायला हवे होते. पण ते काढायचे म्हणजे दोर, बकले, पट्टे आले, म्हणून अंगावरच ठेवले. बोटीतली शेगडी दोन खिळ्यांवर झोपाळ्यासारखी टांगलेली असते. बोट कितीही कलली तरी ती झोका घेऊन समपातळीत राहते; त्या सबंध नौकेत सरळ उभी अशी तेवढी एकच वस्तू होती. तिच्यावर पातेले चढवून, एका हाताने ओटा धरून आणि एका हाताने आले किसून (किसणी दातांत धरता येत नाही, हे मी करून पाहिले आहे) मी चहा उकळला. इथवर सर्व सुरळीत होते. पातेले शेगडीवरून उचलून हातात घेतले, आणि त्याच क्षणी वरून भाच्याचा आवाज आला, “मामा, वळतोय!”

बोट उजवीकडून डावीकडे कलली. शेगडी नियमाप्रमाणे सरळ राहिली. मी नियमाप्रमाणे राहिलो नाही. तिघांचा चहा माझ्या छातीवर रिता झाला. अंगावर पाच थर असल्यामुळे मी भाजलो नाही, हे त्या कपड्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण या लाइफ जॅकेटमध्ये एक लहानशी गोळी असते. शिंतोड्यांनी तिला काही होत नाही. मात्र पाण्यात ती पुरती भिजली की विरघळते, आत दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते, वायूच्या नळकांड्याला भोक पडते आणि जॅकेट आपोआप फुगते, म्हणजे बेशुद्ध माणसाचेही तोंड पाण्याच्या वर राहावे. गोळीला समुद्र आणि चहा यांत भेद करता येत नाही. ‘फस्स’ असा आवाज झाला आणि माझ्या गळ्याभोवती पोळा सणाच्या बैलालाही जड होईल असे पिवळे जू उभे राहिले. मान वळेना, खाली पाहता येईना. त्याच अवस्थेत मी जिन्याच्या तोंडाशी गेलो आणि तिथे अडकलो. भाच्याला खाली येता येईना आणि मला वर जाता येईना. हिने वरून वाकून पाहिले. माझा गळा, पिवळा फुगा, त्यावरून ओघळणारा चहा हे सगळे शांतपणे न्याहाळून ती म्हणाली, “आलं जास्त पडलं वाटतं.”

संध्याकाळी साडेसहाला रेनेच्या जुन्या धक्क्याला आम्ही बोट बांधली आणि लोखंडी शिडीने वर चढलो. सुटलेला मांडव असावा तशी लाकडी दांड्यांची लांबच लांब रांग समोर उभी होती. मला क्षणभर पिंपळगावची द्राक्षबाग आठवली. पण हे कॉड माशांचे मांडव होते. हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून हे मासे अंडी घालायला लोफोटेनला येतात, आणि फेब्रुवारीपासून ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर त्यांना वाळवतात. त्यांतले सुमारे ८० टक्के पाणी उडून जाते. आपल्या बेदाण्याचीच गोष्ट, फक्त वास निराळा. मांडव आता रिकामे होते, पण वास अजून उतरलेला नव्हता. शेजारच्या गावाचे नाव ‘ऑ’ असे एकाच अक्षराचे आहे, हे भाच्याने सांगितले तेव्हा ते नाव चौदा तासांच्या प्रवासानंतर कुणा पाहुण्याच्या कमरेनेच ठेवले असावे, असे मला वाटले.

तासाभराने परत आलो तर बोट गायब. वाकून पाहिले, तर ती आणखी उतरून पुरुषभर खाली गेलेली. ओहोटी चालू होती. नाशिकला पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की निम्मे शहर पूल गाठते. इथे दिवसातून दोनदा मारुतीच्या गळ्यापर्यंत चढून घोट्यापर्यंत उतरणारे पाणी कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. आम्ही दोघे मात्र बराच वेळ पाहत उभे राहिलो, एक तर सवयीने आणि दुसरे म्हणजे ती ओली शिडी उतरायची दोघांनाही घाई नव्हती.

राहिला प्रश्न संकष्टीचा. उपवास चंद्रोदयाला सुटतो आणि इथे सूर्यच आकाशातून हलायला तयार नव्हता. चंद्र उगवलाच तरी त्या उजेडात, त्या डोंगरांआडून दिसणे कठीण. हिने पंचांगाचा फोटो काढून आणला होता; त्यात नाशिकचा चंद्रोदय रात्री साडेदहाच्या सुमाराचा होता, म्हणजे नॉर्वेच्या घड्याळात सात. साडेसात वाजून गेले होते. तिने खात्रीसाठी गंगापूर रोडवरच्या बहिणीला फोन लावला. “अगं, चंद्र दिसला का?” पलीकडून उत्तर आले, “कुठला चंद्र? सकाळपासून धो धो पाऊस आहे. घड्याळ बघून सोडला मी.”

हिनेही घड्याळ पाहिले, नाशिकच्या दिशेला, म्हणजे भाच्याने बोटाने दाखवलेल्या दिशेला, हात जोडले आणि डब्यातून उपवासाचा चिवडा काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आता बोट बांधलेली आहे. चहा टाका. आणि ते जॅकेट आधी काढा.”