बीपी घ्यायला डबल ग्लोव्हज

आज डोकं सटकलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, कंटाळा आला तर पुढं जावा.

सकाळी नर्सिंगच्या थर्ड इयरच्या पोरींना घेऊन वॉर्डात होते. एका फाईलवर लाल मार्करनं, दारातून दिसेल असं लिहिलेलं, 'रिॲक्टिव्ह', म्हणजे एचआयव्ही पॉझिटिव्ह. शेजारच्या पेशंटचा डबा घेऊन आलेला माणूस पण ते वाचत उभा! आणि माझी विद्यार्थिनी, ह्याच युनिटला वर्गात पहिली आलेली, हळूच विचारते, "मॅडम, बीपी घ्यायला ग्लोव्हज डबल घालू का?"

तिला ओरडले नाही. कोणत्या तोंडानं ओरडू?

२००१ला मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला होते. बाथरूमजवळचा शेवटचा बेड, पंचविशीची बाई, नवरा ट्रकवर होता, तो आधीच गेलेला. तिनं पाणी मागितलं. मी जग उचलला आणि तिच्या ग्लासपाशी हात थबकला. सिस्टर बघत होत्या. बाईला कळलं. तिनं ओंजळ केली, म्हणाली, "वरनंच ओत गं बाय." आणि मी ओतलं. वरनं. आपल्याकडं वरनं पाणी कुणाला वाढायचे ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या वर्षी पेपरात मला चांगले मार्क होते बरं का. स्पर्शानं पसरत नाही, ताटावाटीनं नाही, डासानं नाही, सगळं पाठ. आजच्या पोरींना तर २०१७च्या एचआयव्ही कायद्याचं नाव पण पाठ आहे, दोन मार्काला येतो ना तो. पेशंटचं स्टेटस असं चव्हाट्यावर मांडणं त्याच कायद्यात बसत नाही, पण मार्कर कुणाच्या खिशात आहे ते बघा की, शिकवणाऱ्यांच्याच. पोरी माझ्या स्लाइड बघत नाहीत, सिनियरचे हात बघतात.

आणि ही सांगली आहे हो! इथं गोकुळनगरच्या वेश्याव्यवसायातल्या बायका नव्वदीपासून संग्राम संस्थेसोबत एकमेकींना कंडोम देत, समजावत फिरल्या, त्यांना कळलं ते आमच्या वॉर्डाला अजून कळेना.

भीती खोटी असते असं नाही म्हणत, सुई टोचते, ग्लोव्हजचा स्टॉक संपतो, मान्य. मलाही टोचलीय, २८ दिवस गोळ्या खाल्ल्यात, मळमळून जीव नकोसा झालेला. पण एचआयव्हीच्या सुईनं हजारात साधारण तिघांना लागण होते आणि लस नसेल तर हिपॅटायटिस बीच्या सुईनं शंभरात तीसपर्यंत, तरी बीच्या पेशंटला कुणी डबल ग्लोव्हज मागत नाही, उलट अर्ध्या पोरींचा लसीचा तिसरा डोस राहिलाय. रक्त काढायचं असलं की प्रत्येकाला ग्लोव्हज, रिपोर्ट असो नसो. बीपीला कशाला लागतात?

जाऊ दे, चिडून काय होतंय. मी फाईलला नवं कव्हर घातलं, स्टूल ओढून बसले, उघड्या हातानं कफ बांधला, सोडला, मग म्हटलं, आता तू घे.

तिचा हात थरथरत होता. पेशंट मावशींनीच बाही वर करून दिली.

"गाव कंचं गं तुझं?"

"तासगाव."

"मग बाग हाय का घरची?"

"दीड एकर आहे. यंदा पावसानं घड कुजले," म्हणाली, आणि कफ बांधायचा सोडून द्राक्षाचंच सांगत बसली. रीडिंग दोनदा घ्यावं लागलं.