सर क्रीक १९६८ साली कुणाला दिली गेली नाही

आमच्या ऐरोलीत सध्या एक मेसेज घरोघरी फिरतोय. त्यात म्हटलंय की कच्छच्या टोकाची सर क्रीक ही खाडी १९६८ साली आपल्या सरकारने पाकिस्तानला देऊन टाकली, फाळणीआधी तिच्यावरून वाद नव्हताच, जुन्या कागदांत सीमा स्वच्छ लिहिलेली आहे आणि शेवटी तिथे आहे तरी काय, नुसता चिखल! काल वाशीहून मावशीनेही तोच पाठवला, तेव्हा राहवलं नाही. मी दिवा कोळीवाड्यातली. खाडीला कुणी नुसता चिखल म्हटलं की मला लागतं.

आधी १९६८. त्या वर्षी निकाल लागला तो कच्छच्या रणाचा. एप्रिल १९६५ मध्ये तिथे चकमकी झाल्या, ब्रिटनच्या मध्यस्थीने लढाई थांबली आणि प्रकरण तीन जणांच्या लवादाकडे गेलं. अध्यक्ष होते स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्यात वादातल्या रणापैकी सुमारे ९० टक्के भाग भारताकडे राहिला. कंजरकोट, छाडबेट असा उरलेला भाग पाकिस्तानला मिळाला. छाडबेट म्हणजे रणातलं गवताळ कुरण, ते गेल्याचं दुःख खरं होतं. लोकांनी सत्याग्रह केले. आपले समाजवादी नेते मधु लिमये तर सुप्रीम कोर्टात गेले. १९६९ मध्ये कोर्टाने सांगितलं की या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पण या सगळ्यात सर क्रीक नव्हतीच! तो पट्टा दोन्ही देशांनी लवादापुढे ठेवलाच नव्हता. जे लवादाने हाताळलंच नाही, ते त्याच्या निकालात देऊन कसं टाकणार?

फाळणीआधी वाद नव्हता, हेही खरं नाही. १९०८ च्या सुमारास याच खाडीच्या काठच्या सरपणावरून कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यात जुंपली होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १९३६ साली तो वेगळा झाला. म्हणून या भांडणात ठराव केला तो मुंबई सरकारने, २४ फेब्रुवारी १९१४ ला. आज दोन्ही देश त्याच ठरावावर बोट ठेवून भांडतात.

आणि तो ठराव मुळीच स्वच्छ नाही. त्याच्या नवव्या परिच्छेदाप्रमाणे सीमा खाडीच्या पूर्वेला येते, सोबतच्या नकाशातली हिरवी रेघही पूर्व काठाने जाते. पाकिस्तान ते दाखवतो. लगेच दहाव्या परिच्छेदात मात्र म्हटलंय की खाडीत होड्या चालत असतील तर हद्द पात्राच्या मधोमध धरावी. भारत ते दाखवतो, शिवाय १९२५ चा नकाशा आणि पात्रात रोवलेले खांब पुढे करतो. पाकिस्तानचं म्हणणं, इथे होड्या चालतच नाहीत. भारत म्हणतो, भरतीला चालतात.

हे समजायला कच्छला जायला नको. उधाणाच्या भरतीला बाबांची होडी आमच्या धक्क्याला आरामात लागते. सहा तासांनी तीच होडी चिखलात एका कुशीवर कलंडलेली असते, बाबा गुडघाभर गाळ तुडवत जाळं खांद्यावरून आणतात. त्यांच्या लहानपणी जिथे जाळं टाकायचे, तिथे आता तिवरं आहेत. खाडीचं पात्र सरकतं. ९६ किलोमीटरच्या सर क्रीकचंही तेच झालंय. २००७ साली दोन्ही देशांनी मिळून तिची मोजणी केली, एकमेकांना नकाशेही दिले, तरी रेघ ठरली नाही. मला स्वतःला भारताची बाजू पटते. भरतीला मासेमारीच्या बोटी जात असतील तर ती चालती खाडीच. पण ती पटवायला खोटा इतिहास कशाला लागतो?

राहता राहिला चिखल. समुद्रातली हद्द खाडीच्या मुखापासून सुरू होते. मुखाशी रेघ जराशी इकडेतिकडे झाली की बाहेरच्या समुद्राचा मोठा पट्टा या नाहीतर त्या देशाकडे जातो. त्यातली मासळी जाते, तळाखाली तेल-वायू असेल तर तोही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा हा हक्काचा प्रश्न आहे.

आणि त्या पाण्यात आपली माणसं आहेत. पालघर २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. डहाणू-तलासरीकडची कितीतरी पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात मान्य रेघ नाही, जाळं ओढताना बोट वाहत कुठे गेली ते तांडेलला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, कळेपर्यंत पाकिस्तानची गस्तीनौका आडवी येते. बोट जप्त, माणसं कराचीच्या तुरुंगात. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या समुद्रात त्यांच्या गोळीबारात पालघरचा एक खलाशी गेला. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्यात मच्छीमारांची यादी वेगळी असते.