सुझाना मूडी रडत बसली नव्हती

कॅनडाच्या पहिल्या पिढीतल्या लेखिकांचा विषय निघाला की सुझाना मूडीबद्दल एक मजकूर हमखास फिरतो: लाडाकोडात वाढलेली इंग्लिश बाई, जंगलात कधी हातपाय हलवले नाहीत, शेवटी पळ काढला आणि वर पुस्तकभर रडगाणं गायलं, बहीण कॅथरीन पार ट्रेल मात्र खरी जिद्दीची. हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

लाडाकोडाचं म्हणाल तर वडील गेल्यावर घर ओढगस्तीला आलं आणि या बहिणी लिहून चार पैसे मिळवू लागल्या. १८३१ मध्ये, कॅनडाला निघण्याच्या आदल्याच वर्षी, गुलामगिरीतून सुटलेल्या मेरी प्रिन्सची कहाणी तिच्या तोंडून ऐकून कागदावर उतरवली ती सुझानानेच.

हातपाय हलवले नाहीत? १८३७ मध्ये ब्रिटिश सरकारविरुद्ध झालेल्या बंडानंतर नवरा मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, गेला. आजच्या ओंटारिओ प्रांतातल्या पीटरबरोच्या उत्तरेला, डूरोच्या रानात, ओंडक्यांच्या घरात चार लहान लेकरं. सोबतीला जेनी नावाची म्हातारी आयरिश मोलकरीण. शेतीचा गाडा या दोघींनीच ओढला. चहा-कॉफी परवडत नव्हती, तर सुझानाने डँडेलियन या रानफुलाच्या झाडाची मुळं खणून, धुऊन, चिरून, खरपूस भाजून, दळून त्यांची कॉफी केली. मेपलच्या झाडावर वाढणाऱ्या पांढऱ्या मखमली बुरशीवर पक्षी आणि फुलपाखरं रंगवली. भाऊ सॅम्युएलने ती लष्करी अधिकाऱ्यांत खपवली. मुलं झोपली की लिखाण. मेणबत्ती नसेल तेव्हा चरबीत भिजवलेल्या चिंध्या पेटवून. मॉन्ट्रियलच्या 'लिटररी गार्लंड' मासिकाकडून पहिली वीस डॉलरची नोट आली, तेव्हा मात्र ती रडली, आनंदाने.

जंगल सुटलं तेही तिच्याच लेखणीमुळे. नवऱ्याला न सांगता तिने प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थर यांना पत्र लिहिलं. पुढे नवऱ्याला शेरीफची नोकरी मिळाली आणि १८४० च्या जानेवारीत कुटुंब बेलविल गावी गेलं.

'रफिंग इट इन द बुश' (१८५२) मध्ये तक्रारी आहेत, शेजाऱ्यांबद्दलची, विशेषतः आयरिश लोकांबद्दलची तुच्छताही आहे. ती मला खटकते. पण पुस्तकाचा रोख जमीन विकणाऱ्यांच्या गोडगोड जाहिरातींवर आहे. कष्टाची सवय नसलेल्या, हातात फारसा पैसा नसलेल्या घरंदाज कुटुंबांनी या भुलाव्याला बळी पडू नये, हे ती स्पष्ट सांगते.

राहिली कॅथरीन. तिचं पुस्तक १८३६ चं, म्हणजे रानात चार वर्षंही पुरी होण्याआधी लिहिलेलं. सुझानाचं कॅनडात येऊन वीस वर्षं झाल्यानंतरचं. आणि ट्रेल दांपत्यानेही १८३९ मध्ये जंगलातली शेती विकून पीटरबरोजवळ बिऱ्हाड हलवलं होतं.