समीक्षक असावा तर असा: अम्मार अल-शरीई

इजिप्तचे संगीतकार अम्मार अल-शरीई (१९४८–२०१२) यांच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवातीलाच 'दृष्टिहीन असूनही' येतंच. मग कौतुकाचा पूर वाहतो आणि संगीत राहतं बाजूला. कैरोचा एक सहकारी ऑफिसात माझ्या शेजारी बसतो. त्याच्यामुळे मला या माणसाचं वेड लागलं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

मिन्या प्रांतातल्या समालूतचा जन्म, घराणं बडं. ऐन शम्स विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकले आणि पोटापाण्याला वाद्यवृंदात अकॉर्डियन वाजवू लागले. घरच्यांना काय वाटलं असेल ते आपल्याकडच्या कुठल्याही वादकाला विचारा! पुढे ऑर्गन, मग चाली, मग चित्रपट आणि मालिका. 'राफत अल-हग्गान' या हेरमालिकेचं शीर्षकसंगीत सुरू झालं की हा सहकारी आजही हातातलं काम सोडतो.

पण मला ते पुरते कळले 'अल-बरी' (१९८६) या चित्रपटात. अहमद झाकी यात एक भोळा खेडूत शिपाई झालाय. राजकीय कैद्यांच्या छावणीवर त्याचा पहारा. हे देशाचे शत्रू आहेत असं वरून सांगितलेलं, तेच तो खरं मानतो. मग एक दिवस त्याच्याच गावचा, त्याला जीव लावणारा मुलगा कैदी म्हणून समोर येतो. यातली गाणी कवी अब्दुल रहमान अल-अब्नूदींनी लिहिली आणि शरीईंनी स्वतः गायली. आवाज गायकाचा नव्हेच, जाडाभरडा. एखादा कसलेला गळा आणला असता तर गाणी गोड झाली असती आणि चित्रपट बुडाला असता, असं माझं ठाम मत आहे. शिपायाजवळ बासरी आहे, तिच्यावर मात्र कुठेही वाजवीपेक्षा जास्त भार टाकलेला नाही. सरकारने या चित्रपटाचा शेवट कापायला लावला होता, तो मूळ रूपात बरीच वर्षं लोकांना दिसला नाही.

एवढं सगळं करून हा गृहस्थ रेडिओवर समीक्षाही करायचा. कार्यक्रमाचं नाव 'घव्वास फी बहर अल-नगम', म्हणजे सुरांच्या समुद्रातला पाणबुड्या. एक गाणं घ्यायचं आणि उलगडत न्यायचं: इथे मकाम (अरबी संगीतातला मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी सुरांची चौकट) बदलला, इथे व्हायोलिन गप्प केली, इथे गायिकेने श्वास चोरला. ऐकणारे कोण, तर टॅक्सीवाले, गृहिणी, विद्यार्थी. त्यांच्यासमोर शास्त्र बोलायचं आणि तरी बोजड होऊ द्यायचं नाही. 'जबरदस्त', 'अंगावर काटा' आणि पाचपैकी साडेतीन तारे यालाच समीक्षा म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे मुद्दाम ऐकावं.

त्यांचा कान किती बारीक होता ते कीबोर्डच्या प्रकरणात दिसतं. रास्त मकामातला गंधार ना धड कोमल, ना शुद्ध, दोघांच्या मधला. बारा पट्ट्यांच्या परदेशी कीबोर्डवर तो सापडणारच नाही. आपल्याकडे याच तऱ्हेच्या भांडणातून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम बाहेर काढली आणि ती परत यायला १९७१ उजाडलं. शरीईंनी वाद्यावर बहिष्कार घातला नाही. यामाहा कंपनीबरोबर काम करून ते मधले सूर कीबोर्डवर आणायला हातभार लावला. आज अरब लग्नांत कीबोर्डवर बयातीसारखा मधल्या सुराचा मकाम वाजतो त्यात त्यांचाही वाटा आहे. (त्या लग्नांतल्या स्पीकरच्या आवाजाचा दोष मात्र त्यांच्या माथी नको.)

माझी तक्रार एकच. मी ऐकलेल्या भागांत ते गाण्यांवर फार प्रेम करतात, एखादी चाल फसली असं क्वचितच म्हणतात. सहकाऱ्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, फसलेलं गाणं ते कार्यक्रमात घेतीलच कशाला? मला हे पटलेलं नाही. फसलेलं गाणं का फसलं, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगितलं असतं? आमचा वाद चालू आहे. तुमच्यापैकी कुणी आखातात किंवा कैरोत राहून हे कार्यक्रम ऐकले असतील तर कमेंटमध्ये भांडायला या.