बॉल टॉपला थांबला, मग त्वरण कुठं गेलं?

काल कट्ट्यावर वाद पेटला तो एका कॅचवरून. पोरांचा बॉल सरळ वर गेला, अन् बारक्या, जो अकरावी सायन्सला आहे, तो म्हणाला की एकदम टॉपला बॉल थांबतो ना, तेव्हा त्याचा वेग पण शून्य अन् त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते, पण शून्य. गॅरेजवाल्या दादानं लगेच री ओढली, "गाडीच उभी तर पिकअप कसला?" ऐकायला एकदम पटतं, पण चूक आहे, अन् मी तिथंच अडून बसलो.

म्हटलं, बारक्या, टॉपला त्वरण खरंच शून्य झालं तर वेग बदलणारच नाही, मग शून्य वेग शून्यच राहणार, म्हणजे बॉल तिथंच वर लटकून राहायला पाहिजे. राहतो का?

"पण क्षणभर थांबतो ना!"

थांबतो की. पण त्याच्या जरा आधी तो वर चाललेला असतो अन् जरा नंतर खाली, म्हणजे वेग त्या क्षणाला पण बदलतोच आहे. आकडेच घे, सेकंदाला २० मीटरच्या वेगानं वर फेकला, हवा सोडून दे, गुरुत्व त्वरण सोपं म्हणून १० धर. १ सेकंदानं वेग १०, २ सेकंदांनी ०, ३ सेकंदांनी परत १० पण खाली. दर सेकंदाला १० चाच फरक, मधे सुट्टी नाही. खरा आकडा ९.८, अन् वर जाताना, टॉपला, खाली येताना तोच, तिन्ही वेळेला खालच्याच दिशेनं.

दादा म्हणाला, "मग हायवेला माझी गाडी १०० नं पळते तिचं तर लई असणार."

सरळ रस्ता अन् काटा १०० वरून हलत नसेल तर शून्य! त्यापेक्षा सिग्नलवरून ५ सेकंदांत ६० गाठणारी गाडी बघ. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर, भागिले ५, आले ३.३ च्या आसपास. दादाच्या हातातून निसटलेला पाना याच्या जवळपास तिप्पट त्वरणानं खाली येतो. हे त्याला अजिबात पटेना, पण भागाकार त्यानं स्वतःच मोबाईलवर केला.

मला खरी मजा वाटते ती वळणाची, कारण तिथं काटा काहीच सांगत नाही. ताशी ३० स्थिर ठेवून १५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे साधारण ४.६, सिग्नलवरच्या त्या पिकअपपेक्षा जास्त! स्पीड तीच, पण दिशा सारखी बदलते, अन् फिजिक्समधे वेगात दिशा पण धरतात, म्हणून दिशा बदलली की वेग बदलला. हे त्वरण वळणाच्या आतल्या बाजूला असतं अन् ते देतं कोण, तर टायर अन् रस्त्याची पकड.

"म्हणून खडीवर गाडी बाहेर फेकली जाते," दादा म्हणाला.

बाहेर कोणी फेकत नाही रे. खडीवर पकड सुटली की आत वळवणारं बलच गेलं, मग गाडी ज्या दिशेला तोंड करून चालली होती तशीच सरळ निघून जाते, अन् रस्ता मात्र वळलेला असतो.